मुंबई–लंडन बिझनेस क्लास : कामावर जाणाऱ्या माणसाच्या झोपेचा हिशेब

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभाग सांभाळते. गेल्या चोवीस वर्षांत कंपनीच्या कामासाठी सहा वेळा युरोपात जाणे झाले आणि सहाही वेळा मी इकॉनॉमी क्लासने गेले. २०२५ च्या जुलैमध्ये सातव्या खेपेला मात्र आमच्या मालकांनी बिझनेस क्लासचे तिकीट काढायला लावले. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने आमच्या ब्रॅकेटच्या कास्टिंगमध्ये (ओतीव भागात) दोष असल्याचे कळवून आख्खा लॉट अडवून ठेवला होता, बैठक उतरण्याच्या दिवशीच दुपारी एक वाजता ठरली होती आणि एक दिवस आधी पोहोचण्याइतकी सवड शिपमेंटच्या तारखांनी ठेवली नव्हती. "मॅडम, उतरल्या उतरल्या तुम्हाला टेबलावर बसायचं आहे, झोप झालीच पाहिजे," एवढेच मालक म्हणाले. त्यामुळे या प्रवासाकडे मी पहिल्यापासून एकाच नजरेने पाहिले: रात्री विमानात चढलेले माणूस सकाळी काम करण्याच्या अवस्थेत उतरते की नाही. पुढचे सगळे मूल्यमापन याच मापाने केलेले आहे.

विमान कंपनीचे नाव मी येथे देत नाही. मुंबई–लंडन मार्गावर एकाहून अधिक कंपन्यांची थेट विमाने आहेत आणि एका फेरीत एखादी गोष्ट चुकली म्हणून कुणावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. शिवाय मला जे बरे-वाईट आढळले, त्यातले बरेचसे सीटच्या रचनेवर, विमानाच्या प्रकारावर आणि सुटण्याच्या वेळेवर अवलंबून होते, आणि या तिन्ही गोष्टी कोणत्याही कंपनीच्या बाबतीत तिकीट काढण्यापूर्वी तपासता येतात.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय तुलना पुरी होणार नाही. दोन वर्षांपूर्वी याच मार्गावर, याच वेळेच्या विमानात मला मधली सीट मिळाली होती. दोन्ही बाजूंना दोन अनोळखी पुरुष, दोघेही गाढ झोपलेले, आणि मी रात्रभर कोपर अंगाशी धरून ताठ बसलेली. झोप झाली ती जेमतेम दीड तास, तीही तुटक तुटक. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पॅटर्न (ज्यावरून साचा घडवतात तो आकार) बदलून नवे नमुने पाठवायला किती दिवस लागतील असे विचारल्यावर मी तीन आठवडे म्हणून गेले. त्या कामाला सहा आठवडे लागतात हे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते, पण त्या दिवशी मी झोपलेच नव्हते. ते तीन आठवडे पाळण्यासाठी पॅटर्न शॉपच्या लोकांनी रविवारीसुद्धा काम केले, आणि त्याचा सल मला अजून आहे. लांबच्या प्रवासात अंग आंबते एवढीच तक्रार असती तर ती सहन करता आली असती. निर्णय चुकतात, ही माझी खरी तक्रार आहे.

आम्हा कोल्हापूरकरांना रात्रीचा प्रवास आडवे होऊन करायची सवय असते. महालक्ष्मी एक्स्प्रेसचा बर्थ असो किंवा स्लीपर कोच असो, मुंबईत उतरल्यावर तोंड धुऊन थेट कामाला जाणारी माणसे आमच्याकडे घरोघरी आहेत. विमानात मात्र ही सोय यायला फार वेळ लागला. बिझनेस क्लास हा वर्ग १९७९ मध्ये क्वांटास कंपनीने त्या नावाने सुरू केल्याचे मानले जाते. पण सीट पूर्ण सपाट होऊन तिचा पलंग व्हावा, ही सोय त्या वर्गात पहिल्यांदा ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. म्हणजे सुमारे वीस वर्षे लोक जास्तीचे पैसे मोजत होते ते रुंद खुर्चीसाठी आणि चांगल्या जेवणासाठी. आज या वर्गाच्या तिकिटात खरे मोल असेल तर ते त्या पलंगाचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

विमान पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी सुटणार होते. कोल्हापूरहून मी दुपारी एक वाजता गाडीने निघाले. कागल–सातारा सहापदरीकरणाची वळणे, पावसाने झालेले खड्डे आणि खंबाटकीनंतरची रांग यांत वेळ जाऊन रात्री दहाच्या सुमारास मी मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला पोहोचले. नऊ तास गाडीत बसल्यावर पुढे दहा तास विमानात बसायचे आहे, हा विचारच यापूर्वी मला थकवत असे. यावेळी पहिला फरक जाणवला तो सामानाचा. माझ्या एका बॅगेत साडेसहा किलोची दोन पूर्ण कास्टिंग आणि कापलेले चार तुकडे होते. इकॉनॉमीत तेवीस किलोच्या मर्यादेत कपडे बसवावेत की लोखंड, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. माझ्या या तिकिटावर प्रत्येकी बत्तीस किलोच्या दोन बॅगा नेता येत होत्या. नमुने घेऊन जाणाऱ्या कारखानदारांनी आणि इंजिनिअरांनी ही बाब हिशेबात धरावी, कारण जास्तीच्या वजनाचे पैसे विमानतळावर भरावे लागले तर ते बरेच होतात. चेक-इनचा काउंटर वेगळा होता आणि सुरक्षा तपासणीसह सगळे अर्ध्या तासात आटोपले.

लाउंजबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टी-टूवरून युरोपकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे साडेअकराला तेथे इतकी गर्दी होती की बसायला जागा मिळायला वीस मिनिटे गेली. शॉवरसाठी नाव नोंदवले, पण माझा क्रमांक आला तेव्हा विमानात चढण्याची वेळ झाली होती. तरीही लाउंजमध्ये एक गोष्ट मी ठरवून केली आणि तिचा पुढे फार उपयोग झाला: साधा डाळ-भात आणि दही एवढे पोटभर जेवून घेतले. रात्री दोननंतर सुटणाऱ्या विमानात जेवणासाठी जागे राहणे म्हणजे ज्या झोपेसाठी पैसे भरले, तिच्यातलाच तासभर परत देणे होय.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सीटकडे येते. जाताना मिळालेल्या विमानात एका रांगेत चार सीट होत्या: खिडकीशी एक, मध्ये दोन, पुन्हा खिडकीशी एक. प्रत्येक सीट थोडी तिरकी होती आणि तिच्यातून थेट मधल्या वाटेवर पाऊल टाकता येत होते. माझी सीट डाव्या बाजूला खिडकीशी, चौथ्या रांगेत होती. बाजूला खांद्याच्याही वरपर्यंत येणारी भिंत आणि वाटेच्या बाजूला सरकणारा अर्धा दरवाजा. बसल्यावर शेजारच्या प्रवाशाचा चेहरा तर नाहीच, हातही दिसत नव्हता.

या आडोशाबद्दल जरा थांबून लिहिते, कारण पुरुष प्रवाशांच्या लिखाणात तो बहुधा एका वाक्यात उरकला जातो. बाईमाणसाने अनोळखी माणसांमध्ये झोपायचे तर निम्मे लक्ष जागेच राहते. ओढणी सरकली का, डोके कुणाच्या खांद्याकडे कलले का, शेजारच्याचा हात मुद्दाम लागला की झोपेत, हे सगळे मेंदू बंद डोळ्यांनी तपासत असतो. आजवर एकट्याने केलेल्या प्रत्येक रात्रीच्या प्रवासात हे ओझे मी वागवले आहे आणि ते ओझे आहे हेसुद्धा मला या विमानात कळले, कारण दरवाजा सरकवला आणि ते उतरले. मला एखाद्या कंपनीच्या प्रवास-धोरणावर मत द्यायला सांगितले, तर रात्रीच्या लांबच्या विमानात एकट्या जाणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांसाठी हा एक मुद्दा मी सर्वांत वर मांडेन.

सीटमध्ये दोष नव्हते असे नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि ही सीट उंच माणसाला धरून बेतलेली आहे हे बसल्या बसल्या कळते. समोरच्या पायटेकावर माझे पाय पोहोचत नव्हते आणि जमिनीवरही नीट टेकत नव्हते, त्यामुळे उड्डाणापूर्वीची पाऊण तास मांड्यांखाली कड रुतत राहिली. शेवटी हातातली बॅग पायाखाली घेतली, तर उड्डाणाच्या वेळी ती वर ठेवायला सांगण्यात आले, आणि ते नियमाप्रमाणेच होते. कमी उंचीच्या प्रवाशांनी कमरेमागे उशी घेऊन पुढे सरकून बसावे, एवढाच उपाय मला सापडला.

केबिनमध्ये काम करणारी एक मुलगी मराठी बोलणारी होती. मला घरी फोनवर बोलताना तिने ऐकले असावे, कारण ब्लेझर टांगण्यासाठी नेताना तिने विचारले, "मॅडम, सकाळी लगेच काम आहे का?" मी हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आत्ता जेवणासाठी जागू नका. मी अंथरूण घालून देते, जेवण उठल्यावर गरम करून आणते. फक्त एक करा, पट्टा दुलईच्या वरून लावा, म्हणजे हादरे बसायला लागले तरी तुम्हाला उठवावं लागणार नाही." हा दुलईवरून पट्टा लावण्याचा सल्ला दहा तासांतला सर्वांत मोलाचा ठरला. जुलैचा पाऊस, अरबी समुद्रावरचे ढग, आणि पहिला तासभर विमान चांगलेच हलत होते. पट्ट्याची खूण दोनदा लागली. ज्यांचे पट्टे दुलईखाली होते, त्या प्रवाशांना हळू आवाजात उठवून तपासणी होताना मी अर्धवट झोपेत ऐकले. माझ्याजवळ ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

अंथरूण म्हणजे सीटवर घालायची पातळ गादी, एक बऱ्यापैकी मोठी उशी आणि जाड दुलई. बटण दाबून धरले की पाठ मागे जाते, बैठक पुढे सरकते आणि साधारण अर्ध्या मिनिटात समोरच्या पायटेकापर्यंत सलग सपाट जागा तयार होते. लांबी मला भरपूर होती. पण पाय जातात ते पुढच्या सीटच्या बाजूला कोरलेल्या एका कोनाड्यात, आणि तो कोनाडा पावलांच्या टोकाशी इतका निमुळता होतो की कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे म्हटले की पाय आधी बाहेर काढावे लागतात. मी कुशीवर झोपणारी आहे. रात्रीत तीन वेळा जाग आली आणि तिन्ही वेळा कारण हा कोनाडाच होता. दुसरी तक्रार उकाड्याची आहे. केबिन गरम ठेवलेली होती, डोक्यावर वाऱ्याची वेगळी झोत-नळी नव्हती आणि दुलई कोल्हापूरच्या थंडीतही पुरून उरेल अशी होती. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना अचानक अंगातून वाफा येण्याचा त्रास काय असतो, ते वेगळे सांगायला नको. मी दुलई पायाशी लोटून स्वतःची सुती ओढणी पांघरली. पुढच्या वेळी घरून जुन्या लुगड्याची पातळ गोधडीच नेणार आहे.

एवढे असूनही मी पाच तास वीस मिनिटे झोपले. यात वेळेचा वाटा मोठा आहे. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे मुंबईतले पहाटेचे दोन वीस हे लंडनचे रात्रीचे नऊ पन्नास. विमानात चढल्या चढल्या झोपले की ती झोप लंडनच्या रात्रीतच पडते आणि उतरताना तिथली सकाळ झालेली असते. सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर जवळजवळ दहा तासांत कापले जाते, त्यामुळे जेवणे-उठणे वजा करूनही झोपेला पुरेसा अवधी राहतो.

विमानाचा प्रकारही कारणीभूत असावा. हवाई वाहतुकीच्या नियमांप्रमाणे प्रवासी केबिनमधला हवेचा दाब जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका विरळ होऊ देता येतो. बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या आसपास राखला जातो. मी गेले ते ७८७ होते. उतरल्यावर नेहमी होणारी डोक्यातली जडपणाची भावना यावेळी बरीच कमी होती आणि झोपेइतकेच श्रेय मी या दाबालाही देते. मात्र सपाट झोपायला मिळाले म्हणून हालचाल सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चार तासांहून जास्त वेळ हालचालीविना प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो असे नोंदवले आहे, आणि धोका हालचाल थांबल्यामुळे असतो, तिकिटाच्या वर्गामुळे नव्हे. जाग आली त्या तिन्ही वेळा मी उठून मागच्या पडद्यापर्यंत जाऊन आले.

उठल्यावर जेवण आले. मी माळकरी आहे, त्यामुळे मद्याची यादी माझ्या दृष्टीने बाजूलाच राहते. शाकाहारी जेवणाची सूचना मी चोवीस तासांहून आधी दिलेली होती आणि ती नीट पोहोचली होती. ताटलीवर माझ्या सीटच्या क्रमांकाची चिठ्ठी होती. पनीरची रस्साभाजी, जिरा भात, डाळ, दही आणि शेवयांची खीर. पांढरा कापड अंथरलेला ट्रे, चिनी मातीची भांडी, धातूचा चमचा. मांडणीत उणे काही नव्हते. चव मात्र बेताची. यात सगळा दोष स्वयंपाक करणाऱ्यांचा नाही. उंचीवरच्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ आणि गोड यांची चव जिभेला कमी लागते, असे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने केबिनसारखी परिस्थिती तयार करून केलेल्या प्रयोगांतून दाखवले आहे. टोमॅटोसारख्या पदार्थांची चव त्यामानाने टिकून राहते. मला स्वतःला डाळ अळणी लागली आणि टोमॅटोचे सूप उत्तम लागले, ते याच कारणाने असावे. बिझनेस क्लासच्या जेवणाचे फोटो पाहून जे लोक त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचा विचार करतात, त्यांना मी एवढेच सांगेन की आमच्या घरच्या कटाच्या आमटीची सर त्या ट्रेला नव्हती.

उतरण्यापूर्वीच्या तासात स्वच्छतागृहांसमोर रांग लागते, कारण सगळ्यांनाच कपडे बदलायचे असतात. मी दीड तास आधी उठून ते उरकले होते. हीथ्रोवर बिझनेस क्लासच्या प्रवाशांना इमिग्रेशनसाठी फास्ट ट्रॅकचे कार्ड दिले होते. भारतीय पासपोर्टवर तिथल्या स्वयंचलित दरवाजांतून जाता येत नाही, अधिकाऱ्यासमोर उभे राहावेच लागते. त्यामुळे या कार्डाचा उपयोग आपल्याला इतरांपेक्षा जास्त होतो. मागच्या खेपेला पाऊण तासाहून जास्त रांगेत उभी होते, यावेळी बारा मिनिटांत बाहेर आले. काही कंपन्या उतरल्यावरही लाउंज आणि अंघोळीची सोय देतात. माझ्या तिकिटात ती नव्हती. थेट कामाला जाणाऱ्याने तिकीट निवडताना ही सोय पाहावी. गरम पाण्याने अंघोळ मिळाली असती तर मी पनीर, खीर आणि सूप हे सगळे आनंदाने सोडून दिले असते.

ग्राहकाचा कारखाना कॉव्हेंट्रीजवळ आहे. गाडीने दोन तासांच्या आत पोहोचले. बैठकीत त्यांच्या माणसाने आमचे कास्टिंग जाड भागातून कापून पॉलिश केलेले समोर ठेवले आणि हे श्रिंकेज आहे, तुमच्या रायझरची रचनाच चुकली आहे, असे सांगितले (रायझर म्हणजे थिजताना आक्रसणाऱ्या धातूला जादा रस पुरवणारा साच्यातला साठा). तुकडा हातात घेऊन खिडकीशी गेले. छिद्रे बारीक होती, पण त्यांच्या कडा गोल आणि आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत होती. धातू आक्रसून पडलेली पोकळी अशी नसते. ती खडबडीत, काटेरी कडांची असते. ही वायूची छिद्रे होती आणि बहुधा कोअरमधली, म्हणजे भागातली पोकळी राखायला साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातली, हवा बाहेर जायला वाट पुरली नव्हती. माझ्याजवळच्या चार तुकड्यांत ती कोअरच्या बाजूलाच दिसत होती. हे मी त्यांना दाखवले, त्यांनी भिंग आणून पाहिले आणि चर्चा रायझरवरून कोअरवर आली. रायझर बदलायचा तर पॅटर्न बदलावा लागतो. कोअरला हवेच्या वाटा वाढवायच्या तर काम आठवड्यात होते. मी मुदत दोन आठवड्यांची मागितली आणि ती बारा दिवसांत पुरी झाली.

झोप झाली नसती तर हे दिसलेच नसते, असे मी म्हणणार नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत मी तुकडा उचलून खिडकीशी गेले नव्हते, समोरच्याने जे सांगितले ते वहीत लिहून घेतले होते.

परतीचा प्रवास वेगळा झाला. विमान हीथ्रोहून सकाळी दहाला निघून रात्री साडेअकराला मुंबईत उतरले. कंपनी तीच, तिकिटाचा वर्ग तोच, पण विमान जुन्या बांधणीचे, सीट दोन-दोन-दोन अशा. माझी सीट खिडकीशी होती आणि बाहेर पडायचे तर शेजारच्या गृहस्थांच्या पसरलेल्या पायांवरून ओलांडून जावे लागत होते. ते सज्जन होते, दरवेळी उठून उभे राहिले. पण त्यांना झोप लागल्यावर मी अडीच तास पाणीही मागितले नाही आणि स्वच्छतागृहालाही गेले नाही. मधला पडदा कोपराच्या उंचीचा. जाताना ज्या आडोशाचे एवढे कौतुक वाटले, तो येताना मुळीच नव्हता. एकाच तिकिटावर दोन टोकांचा माल मिळावा, ही बाब मला खटकली. तिकीट काढताना विमानाचा प्रकार आणि सीटचा नकाशा दोन्ही दिशांसाठी वेगवेगळा उघडून पाहायला हवा होता, तो आमच्या ऑफिसातून फक्त जाण्याच्या दिशेचा पाहिला गेला.

शिवाय दिवसाच्या विमानात झोपेचा प्रश्नच नव्हता. मी बैठकीचा अहवाल लिहिला, तीन तास डोळे मिटून पडले, पण झोप लागली नाही. तेवढे काम प्रीमियम इकॉनॉमीच्या, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधल्या वर्गाच्या, रुंद सीटवरही झाले असते. बॅगेला लावलेला प्रायॉरिटीचा टॅगही मुंबईत कामी आला नाही. टॅग नसलेल्या बॅगा माझ्या आधी निघून गेल्या आणि मी पट्ट्याजवळ चाळीस मिनिटे उभी होते.

पैशांचे सांगायचे तर आमचे परतीसह तिकीट त्याच तारखांच्या इकॉनॉमीच्या जवळजवळ साडेतीनपट पडले. त्यावर कर वेगळा: तेव्हा इकॉनॉमीला ५ टक्के आणि बिझनेसला १२ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून बिझनेसचा दर १८ टक्के झाला आहे, म्हणजे हा फरक आता आणखी वाढला. एवढी रक्कम लघुउद्योगाने प्रत्येक दौऱ्यासाठी मोजावी असे मी कधीच सुचवणार नाही. प्रदर्शन पाहायला जायचे असेल किंवा उतरल्यावर एक दिवस मोकळा असेल, तर इकॉनॉमीने जाऊन त्या रात्री हॉटेलात झोपणे कितीतरी स्वस्त पडते, आणि हॉटेलचा पलंग विमानातल्या कोनाड्यापेक्षा केव्हाही बरा. पण उतरण्याच्या दिवशीच निर्णयाची बैठक असेल आणि विमान रात्रीचे असेल, तर जाण्याच्या दिशेला हा खर्च मी समर्थनीय मानते. अडलेल्या लॉटची किंमत तिकिटाच्या कितीतरी पट होती.

दौऱ्याच्या खर्चाच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात मी हेच लिहिले: जाताना बिझनेस, येताना प्रीमियम इकॉनॉमी. मालकांनी दोन्ही वर्ग एकाच तिकिटात बसतात का, ते एजंटला विचारायला सांगितले आणि ते बसतात असे कळले. नोव्हेंबरचे ऑडिट त्याच कारखान्यात आहे. त्याचे तिकीट काढताना मी स्वतः सीटचा नकाशा उघडून बसले होते. पहिल्या रांगेसमोर दुसरी सीट नसते, तिथे पाय ठेवायला कोनाड्याऐवजी सलग रुंद जागा असते. त्या रांगेत कधी कधी पाळणा लावतात आणि तान्हे बाळ शेजारी येऊ शकते, हे एजंटने बजावून सांगितले. तरीही मी पहिल्या रांगेतली डावीकडची खिडकीच मागितली आहे.